पाऊलवाट : शंकरपाळीच्या खुणेने श्वार्त्सेनबाखच्या धरणावर



मागच्या अंकात आम्ही हायडेलबर्गच्या फिलॉसॉफेनवेगची शिफारस केली आणि कौतुकापेक्षा तक्रारीच जास्त आल्या. श्लांगेनवेगच्या चढाने दोन घरांतल्या आजींचे गुडघे धरले. एक आजोबा अर्ध्यातून परत फिरले आणि त्यांनी सारी दुपार नेकारच्या काठी बाकावर काढली. "तुमच्या पाऊलवाटा सगळ्या तरुणांच्या! तीन महिन्यांसाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसांनी काय खिडकीत बसून बसगाड्या मोजायच्या?" असे एका वाचक भगिनींनी आम्हांला फोनवर सुनावले. त्यांचे म्हणणे रास्त आहे. आपले वाल्डॉर्फ तळहातासारखे सपाट, चालायला सोपे. पण शेत, रस्ता, कचेऱ्या आणि पुन्हा शेत एवढे पाहून झाले की आठवडाभरात पाहुण्यांचे डोळे डोंगर शोधू लागतात. तेव्हा या वेळी अशी वाट शोधायची ठरवली की जिथे डोंगर आहे पण चढ नाही, जंगल आहे पण चुकण्याची भीती नाही आणि बसायला जागोजागी पाण्याचा काठ आहे.

अशी वाट सापडली. उत्तरेकडच्या श्वार्त्सवाल्डात, मुर्ग नदीच्या खोऱ्यात, फोरबाख गावाच्या वरच्या अंगाला श्वार्त्सेनबाख टाल्श्पेर्रे नावाचे धरण आहे. त्याच्या तळ्याला प्रदक्षिणा घालणारी ही वाट साधारण साडेसहा ते सात किलोमीटरची. सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही पाच घरे मिळून तिथे गेलो. मोठी माणसे अकरा, मुले सात आणि सातारा जिल्ह्यातून मुलाकडे आलेले एक पाहुणे आजोबा. सगळी मुले त्यांना आबा म्हणत होती, म्हणून आम्हीही आबाच म्हणतो.

आधी जायचे कसे ते सांगतो. नकाशाची झेरॉक्स काढून पाहिली, पण डोंगरांच्या रेघा एकमेकींत मिसळून नुसते काळे डाग उमटले. तेव्हा शब्दांवरच भागवावे. गाडीने जाणाऱ्यांनी ए-५ महामार्गाने दक्षिणेला रास्टाटपर्यंत जावे. तिथून बी-४६२ रस्ता मुर्गच्या काठाकाठाने गाग्गेनाउ, गेर्न्सबाख, फोरबाख करत वर चढतो. फोरबाखच्या पुढे राउम्युन्त्साख येथे उजवीकडे वळले की घाटाचा रस्ता थेट धरणाच्या भिंतीपाशी नेतो. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. दीड तास हाताशी ठेवावा. आगगाडीने जायचे तर विस्लोख-वाल्डॉर्फ स्टेशनवरून कार्ल्सरूह आणि तिथून मुर्गच्या खोऱ्यात जाणारी एस-बान. ही गाडी बोगद्यांतून आणि पुलांवरून अशी जाते की कर्जत-लोणावळ्याची आठवण व्हावी. मात्र स्टेशनपासून धरणापर्यंत चढून जावे लागते. पायांत जोर असलेल्यांनीच तो मार्ग धरावा. आजी-आजोबा बरोबर असतील तर गाडी बरी.

आता धरणाविषयी थोडेसे. बाडेन राज्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात मुर्गच्या पाण्यावर वीज करायला सुरुवात केली आणि फोरबाखचे वीजघर १९१८ साली चालू झाले. त्यानंतर १९२२ ते १९२६ या काळात वरच्या दरीत श्वार्त्सेनबाख ओढ्यावर ही भिंत उभी राहिली. मधले १९२३ साल म्हणजे जर्मनीतल्या त्या भयानक महागाईचे, पाव आणायला पिशवीभर नोटा न्याव्या लागत तेव्हाचे. तशा दिवसांतही हे काम थांबले नाही. भिंत पायापासून सुमारे ६५ मीटर उंच आणि जवळजवळ ४०० मीटर लांब आहे. तळे दोन किलोमीटरहून थोडे अधिक लांब असून समुद्रसपाटीपासून ६६८ मीटरवर आहे. ज्या अभियंत्याने हे काम पुढे नेले, त्याच्या नावाने वीजघराला आज रुडोल्फ फेट्टवाइस वेर्क म्हणतात.

या तळ्याची गंमत अशी की ते वरून भरते तसे खालूनही भरते. विजेची मागणी कमी असते तेव्हा मुर्गचे पाणी पंपाने डोंगरावर चढवून तळ्यात साठवतात. मागणी वाढली की तेच पाणी साडेतीनशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खाली सोडतात आणि चक्रे फिरवतात. थोडक्यात, धरण म्हणजे विजेचा रांजण. त्यामुळे पाण्याची पातळी सारखी वरखाली होते आणि काठाने एक उघडा, मातकट पट्टा नेहमी दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, दुष्काळ पडला की काय! अलीकडच्या वर्षांत फोरबाखला डोंगराच्या पोटात नवे भूमिगत वीजघर करण्याचे कामही हाती घेतले आहे. तेव्हा एखादी वाट तात्पुरती बंद असल्याची पाटी दिसली तर ती मानावी, कुंपण ओलांडू नये.

आम्ही हे सगळे आदल्या रात्री वाचून गेलो होतो. भिंतीवर उभे राहून मोठ्या उत्साहाने सगळ्यांना ऐकवले, "पाण्याचा साठा एक कोटी चव्वेचाळीस लाख घनमीटर!" मुलांनी "वॉव" केले. आबांनी शांतपणे विचारले, "म्हंजी किती टीएमसी?"

आमची बोलतीच बंद झाली. आमच्यातल्या एका अभियंत्याने मोबाईलवर हिशोब केला आणि सांगितले, अर्धा टीएमसी.

"अर्धा?" आबा हसले. गेल्या तीन आठवड्यांत ते पहिल्यांदाच एवढे मोकळे हसले, असे त्यांच्या सूनबाई नंतर म्हणाल्या. "आमची कोयना एकशेपाच टीएमसीची. ह्यो तर पाझर तलाव झाला!"

हिशोब चोख होता. कोयनेचा साठा या तळ्याच्या दोनशेपट भरतो. सातारा-सांगलीकडच्या माणसाला पावसाळ्यात रोज सकाळी पेपरात टीएमसीचे आकडे वाचायची सवय असते. आपल्यालाच इथे येऊन घनमीटर गोड लागू लागले. पण हसून झाल्यावर आबा कठड्याला हात टेकून बराच वेळ खाली पाहत राहिले आणि मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.

"ह्याच्याखाली गाव कुठलं हाय?"

आम्ही भिंतीची उंची सांगितली होती, लांबी सांगितली होती, साल सांगितले होते. हा प्रश्न आमच्या यादीतच नव्हता. "इथे बहुतेक जंगलच असावे, आबा," असे काहीतरी पुटपुटून आम्ही सगळ्यांना पुढे चालायला लावले. त्या प्रश्नाकडे परत येऊच. आधी वाट सांगून घेतो.

भिंत ओलांडून दक्षिणेचा काठ धरावा, हा आमचा पहिला सल्ला. समोरच्या काठाने मोटारींचा रस्ता जातो. या काठाला नुसते जंगल आहे. फिश्टे आणि टाने या सूचिपर्णी झाडांची गर्द सावली, दगडांवर हातभर जाड शेवाळ, मधूनच एखादा ओढा वाट ओलांडून तळ्यात उतरतो. खाली वाल्डॉर्फला आम्ही शर्टावर निघालो होतो; इथे चार-पाच अंशांनी गारवा जास्त. श्वार्त्सवाल्डाच्या या भागात पाऊस भरपूर, त्यामुळे उन्हाळ्यातही वाटेवर ओल असते आणि मुळांवरून पाय घसरतो. चपला, सँडल घरी ठेवाव्यात. तान्हे मूल असेल तर बाबागाडीपेक्षा पाठीवरची झोळी बरी.

वाटेच्या खुणा समजून घेतल्या तर चुकायला होत नाही. श्वार्त्सवाल्डफेराइन ही १८६४ साली स्थापन झालेली, जर्मनीतली सर्वांत जुनी पायी भटकणाऱ्यांची संस्था. तिचे स्वयंसेवक झाडांवर आणि खांबांवर छोट्या पाट्या लावतात. या पाट्यांवरच्या आकाराला जर्मनमध्ये राउटे म्हणतात, पण आमच्या मुलांनी क्षणात त्याचे बारसे केले : शंकरपाळी! पिवळी शंकरपाळी म्हणजे जवळपासची स्थानिक वाट. निळी म्हणजे जरा लांबची, गावांना जोडणारी. आणि लाल म्हणजे वेस्टवेग, फोर्त्सहाइमपासून थेट बाझेलपर्यंत जाणारी सुमारे २८५ किलोमीटरची मोठी वाट. ती १९०० साली आखली गेली आणि आजही लोक बारा-तेरा दिवसांत ती पुरी चालतात. ही वाट धरणापाशी येते खरी, पण तळ्याला प्रदक्षिणा घालत नाही. ती वर हेरेनवीझर झे या हिमयुगातल्या छोट्या तळ्याकडे जाते आणि पुढे बाडेनर ह्योहे या १००२ मीटर उंचीच्या माथ्यावर चढते. माथ्यावर दगडी मनोरा आहे. तरुण मंडळींनी तो चढ एकदा जरूर करावा, पण त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

हे एवढे सविस्तर सांगायचे कारण, आम्ही स्वतः तिथेच चुकलो. दक्षिणेचा काठ संपवून, तळ्याच्या वरच्या टोकाला वळसा घालून आम्ही पलीकडच्या बाजूला आलो. तिथे पुढे पळणाऱ्या चार मुलांना आणि त्यांना सांभाळायला गेलेल्या दोघा बाबांना लाल शंकरपाळी दिसली आणि सगळी वरात तिच्या मागे डोंगर चढू लागली. मागच्यांना वाटले, पुढचे भिंतीकडे गेले. पुढच्यांना वाटले, मागचे येतच आहेत. मोबाईलला रेंज नाही. दोन तासांचा कार्यक्रम चार तासांवर गेला तो यामुळे. दोष पूर्णपणे आमचा : निघताना कोणी कुठे थांबायचे हे ठरवलेच नव्हते. आता आमचा नियम असा की प्रत्येक फाट्यावर पुढच्यांनी थांबायचे आणि शेवटचा माणूस दिसल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही.

मात्र त्या चुकीमुळेच उरलेल्यांना काठावर तासभर बसावे लागले. शिदोऱ्या सुटल्या. दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचे लोणचे, थर्मासमधला आल्याचा चहा. पाणी उतरलेले होते, मातकट पट्टा समोर पसरला होता. आबांचा नऊ वर्षांचा नातू पाण्यात खडे टाकत होता. आबांनी दशमीचा घास हातात धरला आणि कोणीही विचारलेले नसताना बोलायला सुरुवात केली.

"आमचं गाव असंच हाय," ते म्हणाले. "पाण्याखाली."

त्यांच्या मुलाने मान वर केली. आपले मूळ गाव धरणात गेले एवढे त्याला माहीत होते. फॉर्म भरताना तो नेहमी पुणे लिहीत आला होता.

कोयनेचे काम १९५६ साली सुरू झाले आणि १९६४ साली धरण पुरे झाले. शिवसागर जलाशयाचा फुगवटा पार तापोळ्यापर्यंत गेला. आबा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे असतील. "घराला सोपा हुता. दारात जांभळ. पावसाळ्यात कोयनामाई शेताच्या बांधाला यायची, पण उंबऱ्याला कधी शिवली न्हाई. साहेब लोक येऊन सांगून गेले, आता येणार हाय म्हणून. आमचा बा म्हणाला, येऊन येऊन कुठवर येईल? मग एक दिवस बघतो तर ओढ्याचं पाणी उलटं चढाया लागलेलं. वरनं खाली येणारं पाणी खालनं वर! आधी देव हलवला, मग माणसं."

एका गावाची पाच ठिकाणी पांगापांग झाली. आबांच्या वडिलांना दुसऱ्या तालुक्यातल्या माळावर जमीन मिळाली. पाणी अडवायला ज्यांनी गाव दिले, त्यांच्या वाट्याला कोरडा माळ आला. भाताची सवय असलेल्या हातांनी ज्वारी पेरायला शिकून घेतले. आबा शिकले, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली, मुलाला अभियंता केले आणि तो मुलगा आज वाल्डॉर्फच्या कचेरीत बसतो. "डोंगराच्या पोटात पोफळीला वीजघर झालं. त्या विजेवर मुंबई चालली, गिरण्या चालल्या. आमच्या वसाहतीत लाइट यायला लई वर्सं लागली."

आम्ही कोणीतरी, गप्प बसवेना म्हणून, म्हणालो, "म्हणजे धरण व्हायलाच नको होते."

"तसं म्या कुठं म्हणालो?" आबांनी आमच्याकडे रोखून पाहिले. "धरण पायजेच. शेतं भिजली, कारखाने चालले. माझं पोट त्याच्यावरच चाललं की. पण इचारायला पायजे हुतं. आणि दिलेलं वचन पाळायला पायजे हुतं."

नातू खडे टाकायचे थांबला होता. "आबा, पाणी खाली गेलं की दिसतं का गाव?"

"मे महिन्यात लई उतरलं की चौथरे दिसत्यात. एकदा गेलतो हुडकत. भिती न्हाईत, काय न्हाई. पण उंबऱ्याचा दगड हुता. त्येच्यावर बसून भाकरी खाल्ली आन् आलो."

त्यांच्या मुलाच्या हातात सोललेले संत्रे तसेच राहिले होते. "हे मला कधी सांगितलं नाहीत," तो म्हणाला. "तू कधी इचारलं न्हाईस," आबा म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हां सगळ्यांना लागले. तेवढ्यात डोंगरावरून लाल शंकरपाळीवाली मंडळी घामाघूम होऊन उतरली, पुऱ्यांवर तुटून पडली आणि विषय मागे पडला.

घरी आल्यावर मात्र आम्ही आबांच्या भिंतीवरच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला बसलो. श्वार्त्सेनबाखची दरी ही लाकूडतोड्यांची दरी. मुर्गच्या खोऱ्यात लाकडाचा व्यापार करणारी मुर्गशिफरशाफ्ट नावाची मंडळी पंधराव्या शतकापासून आहे. झाडे तोडायची, ओंडके ओढ्यात आणून ठेवायचे, दगडी बांध घालून पाणी तुंबवायचे आणि एका दिवशी बांधाचे दार उघडून त्या लोंढ्याबरोबर ओंडके मुर्गमध्ये, तिथून ऱ्हाइनमध्ये सोडायचे. हेरेनवीसच्या बाजूला असा जुना दगडी बांध, श्वालुंग, आजही पाहायला मिळतो. म्हणजे पाणी अडवणे या दरीला शंभर वर्षांपूर्वी अचानक शिकावे लागले नाही; पिढ्यान्‌पिढ्या ती ते करतच होती. फक्त आधी पाणी ओंडके वाहायला अडवले जाई, नंतर वीज करायला.

आणि हे शोधताना सालाकडे लक्ष गेले. श्वार्त्सेनबाखची भिंत पुरी झाली त्याच १९२६ साली आपल्याकडे नगर जिल्ह्यात भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. रंधा धबधबा आणि काजवे पाहायला आपण जातो ते हेच. आणि ही भिंत रचायला घेतली त्याच्या आदल्याच वर्षी, १९२१ साली, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला होता. टाटांचे धरण मुंबईला वीज देणार होते आणि मुळशी खोऱ्यातली भातशेती पाण्याखाली जाणार होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती त्याच लढ्यात. धरणांमुळे उठवल्या गेलेल्या लोकांचा जगातला हा अगदी पहिल्या लढ्यांपैकी एक मानतात. लढा हरला, धरण झाले. आज पुण्याची मंडळी पावसाळ्यात तिथे कणीस खायला जातात. आम्हीही जात होतो. मुळशीला, पानशेतला, भंडारदऱ्याला पाण्याकडे पाठ करून कितीतरी फोटो काढले. खाली काय आहे हे विचारायचे एकदाही सुचले नाही. ते सुचायला सातारच्या एका म्हाताऱ्या माणसाला सात हजार किलोमीटर प्रवास करून एका जर्मन पाझर तलावावर यावे लागले.

वाचकहो, ही वाट सुचवण्याचे आमचे खरे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. पाहुण्या आईवडिलांना आपण हायडेलबर्गचा किल्ला दाखवतो, टिटिझे दाखवतो, एक दिवस पॅरिसही उरकतो. ती बिचारी मान डोलावतात आणि फोटोत उभी राहतात. घरी दिवसभर आपण कचेरीत, मुले शाळेत, आणि संध्याकाळी मुलांचे जर्मन, आजोबांचे मराठी आणि मध्ये दूरदर्शन संचाचा आवाज. बोलणे राहूनच जाते. सपाट वाटेवर हळू चालताना मात्र बोलणे आपोआप होते. समोरासमोर बसून जे विचारता येत नाही ते शेजारी शेजारी चालताना विचारता येते. आपल्यातल्या निम्म्या मंडळींच्या आडनावात गाव दडलेले आहे आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी ते गाव पाहिलेले नाही. ते सांगणारे माणूस तीन महिन्यांसाठी आपल्या घरात असते. व्हिसाची मुदत संपते, विमा संपतो, पुढच्या वर्षी डॉक्टर प्रवासाला परवानगी देतील की नाही सांगता येत नाही. तेव्हा विचारायचे ते आत्ताच विचारून घ्यावे.

जाणाऱ्यांसाठी सूचना अशा :

सकाळी लवकर निघावे. रविवारी दुपारी भिंतीजवळ गाड्यांची गर्दी होते. वृद्ध माणसे बरोबर असतील तर प्रदक्षिणेला चार तास धरावेत, म्हणजे घाई होत नाही आणि आमच्यासारखी फजिती झाली तरी अंधार पडत नाही. पूर्ण फेरी झेपणार नसेल तर भिंत ओलांडून दक्षिणेच्या काठाने अर्धा तास जावे, पाण्याकाठी बसावे आणि त्याच वाटेने परत यावे. तेवढ्यानेही मन भरते.

आजी-आजोबांची औषधे आणि विम्याचा कागद बरोबर असावा. एक जादा स्वेटर, पातळ रेनकोट आणि हातात काठी. अडीनडीला ११२ हा नंबर मुलांनाही पाठ असावा. वादळाचा इशारा असेल तर जंगलात शिरूच नये. २६ डिसेंबर १९९९ च्या लोथार वादळाने या श्वार्त्सवाल्डात डोंगरच्या डोंगर उघडे पाडले होते. वाऱ्याच्या दिवशी उंच झाडाखाली उभे राहणे किती धोक्याचे हे त्यावरून समजावे.

खाण्याचे डबे घरून न्यावेत आणि कचरा घरी परत आणावा. संत्र्याची साल ‘कुजून जाईल’ म्हणून झाडाखाली टाकू नये. ब्ल्यूबेरीसारखी हायडेलबेअरे जुलै-ऑगस्टात वाटेच्या कडेला दिसतील. मुलांना न धुता तोंडात टाकू देऊ नये. वरच्या बाजूला, माथ्यांच्या अंगाला, २०१४ साली झालेले राष्ट्रीय उद्यान सुरू होते. तिथे वाट सोडायची नाही आणि पानफूल काहीही तोडायचे नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आबा परत गेले. जाण्यापूर्वी आम्ही त्यांना विचारले, या लेखात तुमच्या गावाचे नाव छापू का? ते म्हणाले, "नकाशात न्हाई, तर कागदात कशाला?" म्हणून छापलेले नाही. पण त्यांच्या नातवाकडे एक वही आहे. तिच्यात त्याने आबांच्या सांगण्यावरून गावाचा नकाशा काढला आहे : नदी, बांध, देऊळ, जांभळाचे झाड, सोप्याचे घर. वर ठळक अक्षरांत गावाचे नाव देवनागरीत लिहिले आहे. एक वेलांटी चुकली होती. आबांनी ती निघायच्या दिवशी सकाळी, बॅगा बांधून झाल्यावर, चष्मा लावून स्वतःच्या हाताने दुरुस्त केली.

पुढच्या महिन्यात झाडांची पाने पिवळी असतानाच पुन्हा एकदा श्वार्त्सेनबाखला जायचा बेत आहे. ज्यांच्या घरी पाहुणे आले आहेत त्यांनी नावे मंडळाच्या पुढच्या बैठकीत द्यावीत. गाडीत जागा असल्यास तेही कळवावे. दशम्या आमच्याकडे लागल्या. लोणचे कोणीतरी आणावे. आणि प्रत्येक घराने आपल्या मूळ गावाबद्दल घरातल्या मोठ्यांना एक तरी प्रश्न विचारून यावा, ही या वेळची वर्गणी.



— पाऊलवाट मंडळी, वाल्डॉर्फ